चंचल बालक, पांडुता आणि पोषणपूरके

प्रस्तावना

बालकाच्या वर्तनाविषयी तक्रार घेऊन येणारे पालक आज आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात दिसतात. मूल एका जागी बसत नाही, अभ्यासात लक्ष देत नाही, क्षुल्लक कारणावरून चिडते, वस्तू फेकते, शाळेतून वारंवार चिठ्ठी येते, असे वृत्त पालक सांगतात आणि त्यामागोमाग "काहीतरी चांगले टॉनिक द्या" ही मागणी करतात. औषधालयात हीच मागणी अधिक थेट होते. तेथे बालक समोर नसते आणि इतिवृत्त विचारण्याची प्रथा नसते. बाटलीवर 'स्मृतिवर्धक' किंवा 'मेंदूचे पोषण' असे शब्द असले की पालकाचे समाधान होते.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच मुद्दा वैद्यवर्गापुढे व औषधालयमालकांपुढे मांडू इच्छितो. पोषणपूरक द्रव्य शरीरातील न्यूनता भरून काढते. न्यूनता असेल तेथे वर्तनातही सुधारणा दिसू शकते. न्यूनता नसेल तेथे लाभ अल्प किंवा शून्य असतो. न्यूनता किंवा अन्य कारण न शोधताच पूरक दिले, तर मूळ व्याधी झाकला जातो व मोलाचा काळ वाया जातो. नागपूर व विदर्भात व्यवसाय करणाऱ्यांना हा शेवटचा धोका विशेष आहे, कारण येथील पांडुर बालकात सिकलसेल हा व्याधी असण्याची शक्यता नेहमी विचारात घ्यावी लागते.

ग्रंथोक्त भूमिका

नेपाळचे राजगुरू पं. हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील हस्तलिखितावरून काश्यपसंहिता १९३८ साली मुद्रित झाली. तिच्या सूत्रस्थानातील लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे वर्णन आहे. एक मास सेवनाने बालक मेधावी होते व सहा मास सेवनाने श्रुतधर होते, ही फलश्रुती आज पुष्यनक्षत्राच्या दिवशी भरणाऱ्या शिबिरांच्या फलकांवर सर्वत्र वाचावयास मिळते. मात्र त्याच अध्यायात कोणत्या बालकास लेहन द्यावे व कोणत्या बालकास देऊ नये, याचेही विवेचन आहे. मंदाग्नी, अजीर्ण, ज्वर, अतिसार, कामला, पांडू अशा अवस्थांतील बालके तेथे लेहनास अयोग्य मानली आहेत. फलकांवर ही यादी छापली जात नाही. रांगेत उभ्या असलेल्या बालकांपैकी किती पांडुर आहेत, हे पाहिल्यावाचून प्रत्येकाच्या मुखात थेंब घालणे हे काश्यपांच्या मताशी सुसंगत नाही.

चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. रसायनाचा प्रयोग शोधनोत्तर व अग्नी सम असताना करावा, हा सामान्य नियम तेथेही लागू होतो. त्याच संहितेतील पांडुरोगाध्याय आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पांडूच्या सामान्य लक्षणांत रुग्ण कोपन, निद्रालू व अल्पवाक् होतो, असे वर्णन आहे. रक्ताल्पतेचा परिणाम केवळ वर्णावर व बलावर होत नसून स्वभावावरही होतो, हे आपल्या आचार्यांनी नोंदवून ठेवले होते. पांडूचा पाचवा प्रकार मृद्भक्षणजन्य आहे. माती, खडू, भिंतीचे पोपडे किंवा पाटीवरची पेन्सिल खाणारे बालक आपल्याला अपरिचित नाही. अशा बालकाच्या वर्तनाची तक्रार आली असता मेध्य द्रव्यापूर्वी पांडूचा व कृमीचा विचार करावा, हे शास्त्रानेच दर्शविले आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते?

१) लोह : लोहन्यूनतेचा संबंध अवधान, चिडचिड व निद्रेशी आहे. पॅरिस येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिचंचलता व अवधानन्यूनता, म्हणजे एडीएचडी, असलेल्या ५३ बालकांची २७ अन्य बालकांशी तुलना करण्यात आली. पहिल्या गटातील ८४ टक्के बालकांत फेरिटिन कमी होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. त्याच संशोधकांनी २००८ साली कमी फेरिटिन असलेल्या, परंतु रक्ताल्पता नसलेल्या २३ बालकांना १२ आठवडे लोह किंवा निष्क्रिय गोळी देऊन पाहिली. लोह घेतलेल्या बालकांच्या लक्षणांत काही सुधारणा दिसली. संख्या लहान असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही, तथापि दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे बडोदा येथील सेषाद्री व गोपालदास यांनी १९८९ साली पूर्वप्राथमिक व शालेय वयातील बालकांत लोहपूरणाचा बौद्धिक क्षमतेवरील परिणाम प्रसिद्ध केला व तो अनुकूल होता.

आपल्या प्रांतातील स्थिती गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. म्हणजे चिडचिडे म्हणून आणलेले लहान बालक पांडुर असणे हा अपवाद नाही.

२) जस्त : तुर्कस्तान व इराण येथील चाचण्यांत जस्ताने चंचलतेत काही घट दिसली. अमेरिकेतील २०११ च्या चाचणीत केवळ जस्ताने विशेष लाभ दिसला नाही. ज्या देशांत आहारातच जस्त कमी पडते, तेथे पूरणाचा लाभ दिसावा, हे युक्तिसंगत आहे.

३) ओमेगा-३ : ऑक्सफर्डशायर येथे २०१२ साली ३६२ बालकांवर झालेल्या चाचणीत १६ आठवडे दररोज ६०० मिलिग्रॅम डीएचए देण्यात आले. पालकांना वर्तनात सुधारणा जाणवली, परंतु शिक्षकांना ती जाणवली नाही. त्याच संशोधकांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी पहिल्या लाभास दुजोरा देऊ शकली नाही.

४) बहुविध सूक्ष्मपोषके : न्यूझीलंडमधील २०१८ ची व अमेरिका-कॅनडातील २०२२ ची अशा दोन चाचण्यांत जीवनसत्त्वे व खनिजे यांचे मोठ्या मात्रेतील मिश्रण एडीएचडी असलेल्या बालकांस देण्यात आले. २०२२ च्या चाचणीत, कोणास काय दिले हे ठाऊक नसलेल्या चिकित्सकांच्या मते पूरक घेणाऱ्या ५४ टक्के बालकांत व निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १८ टक्के बालकांत सुधारणा होती. पालकांच्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. विषय आशादायक आहे, परंतु बाजारातील सामान्य सिरपास हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत, कारण मात्रा व घटक दोन्ही भिन्न असतात.

५) साखर व कृत्रिम रंग : साखरेने मूल उच्छृंखल होते, हा समज दृढ आहे. १९९४ च्या एका प्रयोगात सर्वच बालकांना साखरविरहित पेय दिले, परंतु काही मातांना साखर दिल्याचे सांगितले. त्या मातांना आपले मूल अधिक चंचल वाटले. अर्थात दंत, मेद व अग्नी यांच्या दृष्टीने साखर वर्ज्य करण्यास पुरेशी कारणे आहेतच. कृत्रिम रंगांविषयी मात्र सावध राहण्यास आधार आहे. साउदम्प्टन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात काही रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सामान्य बालकांतही चंचलता किंचित वाढली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाद्यपदार्थांवर सूचना छापणे बंधनकारक झाले. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन व पोन्सो ४आर हे चार रंग भारतातही अनुमत आहेत. मुलांना शांत करण्यासाठी म्हणून दिले जाणारे सिरप हेच रंग व परिरक्षक घेऊन येत नाही ना, हे लेबलवर पाहावे.

या सर्वांतून दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, लाभ प्रामुख्याने न्यूनता असलेल्या बालकात दिसतो. दुसरा असा की, औषध सुरू केल्यावर केवळ पालकाचे "फरक वाटतो" हे मत प्रमाण मानता येत नाही, शिक्षकाचे मतही घ्यावे.

विदर्भातील विशेष विचार : सिकलसेल

मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा नागपूरहून केलेला अभ्यास १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर विदर्भातील अनेक समाजगटांत या व्याधीचे अस्तित्व स्पष्ट झाले. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांसाठी उभ्या केलेल्या कार्याचा गौरव २०१८ साली पद्मश्री देऊन करण्यात आला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. भारतातील सिकलसेल सौम्य असतो असे पूर्वी मानले जात असे, परंतु नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरुग्णांच्या अभ्यासात येथील व्याधी सौम्य नसल्याचे दिसून आले आहे.

या व्याधीचा वर्तनाशी संबंध काय? सिकलसेलग्रस्त बालकाच्या मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडथळा येऊन लहान लहान भाग निकामी होऊ शकतात. यात हातपाय लुळे पडत नाहीत, वाणी जात नाही, म्हणून घरात कोणाच्याही लक्षात येत नाही. दिसते ते इतकेच की मुलाचे लक्ष टिकत नाही, गणित जमत नाही, वर्गात मागे पडते, चिडते. परदेशातील अभ्यासांत या तीव्र प्रकारच्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश बालकांत मेंदूच्या चित्रणावर अशा 'मूक' खुणा आढळल्या आहेत. वारंवार होणाऱ्या वेदना, निद्राभंग, शाळेतील अनुपस्थिती आणि रक्ताल्पता यांचाही वर्तनावर परिणाम होतो.

आता एक उदाहरण कल्पून पाहू. आठ वर्षांचे बालक आहे. वर्ण फिकट, नेत्र किंचित पीत, अंग दुखते म्हणून वरचेवर शाळा बुडते, लक्ष नाही अशी शिक्षिकेची तक्रार आहे. एका ठिकाणी त्यास स्मृतिवर्धक सिरप मिळते, दुसरीकडे लोहाचे टॉनिक, तिसरीकडे मेध्य चूर्ण. तिन्ही ठिकाणी हेतू चांगलाच असतो, परंतु साध्या सोल्युबिलिटी चाचणीचा विचार कोणीही करीत नाही. दोन वर्षे अशी गेली आणि तिसऱ्या वर्षी त्याच बालकास पक्षाघात झाला, तर त्या दोन वर्षांचा हिशेब कोण देणार? दोन ते सोळा वर्षे वयाच्या रुग्णांत मेंदूच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करून पक्षाघाताचा धोका आधी ओळखता येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा धोका आढळलेल्या बालकांत नियमित रक्तसंक्रमणाने पक्षाघाताचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. म्हणून येथे निदानास झालेला विलंब हा बालकाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

लोहाविषयीही सावधता हवी. सिकलसेल रुग्णाची पांडुता लोहन्यूनतेमुळेच असते असे नाही. ज्यास वारंवार रक्त चढविले आहे, त्याच्या शरीरात लोह साठत असते. न्यूनता सिद्ध झाल्यावाचून अशा बालकास लोहभस्म, मंडूरकल्प किंवा लोहाचे सिरप देऊ नये. हायड्रॉक्सीयुरिया व अन्य चालू औषधे आपल्या सल्ल्याने बंद होऊ देऊ नयेत.

परीक्षणक्रम

वर्तनाची तक्रार असलेल्या बालकात आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१) तक्रार केव्हा सुरू झाली, घरी व शाळेत दोन्हीकडे आहे का, याची विचारणा. केवळ एकाच ठिकाणी असल्यास कारण बहुधा त्या ठिकाणी शोधावे लागते. घरातील कलह, मारहाण, शाळेतील भीती यांविषयी बालकाशी स्वतंत्रपणे बोलावे.

२) निद्रा. रात्री घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल दिवसा झोपाळू न होता चंचल होऊ शकते.

३) श्रवण व दृष्टी. ऐकू न येणारे मूल 'ऐकत नाही' म्हणून ओळखले जाते.

४) काही क्षण टक लावून हरवल्यासारखे होणे. हा अपस्माराचा प्रकार असू शकतो.

५) मृद्भक्षण, कृमी, मलप्रवृत्ती, आहार. केवळ दुधावर वाढलेले व शिजवलेले अन्न नाकारणारे बालक लोहन्यून असण्याचा संभव अधिक.

६) शिशाचा संपर्क. जुने रंगाचे पोपडे, घरात बॅटरी दुरुस्ती, सुरमा, अनोळखी भस्मकल्प. लोहन्यून बालकाच्या आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते. शिसे अवधान व बुद्धी दोन्ही बिघडविते.

७) रक्तपरीक्षण. सीबीसी, शक्य असल्यास फेरिटिन व बी-१२, आणि विदर्भातील पांडुर बालकात सिकलसेलची चाचणी पूर्वी झाली नसल्यास ती अवश्य. ज्वर किंवा संसर्ग असता फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. सोल्युबिलिटी चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही आणि सहा महिन्यांखालील शिशूत विश्वसनीय नसते. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निश्चिती करावी.

अतिशांत शिशूविषयी एक स्वतंत्र सूचना. सहा ते अठरा महिन्यांचे, केवळ स्तन्यावर असलेले, शाकाहारी मातेचे शिशू जर हसेनासे झाले, पूर्वी येत असलेली कौशल्ये विसरले, केस विरळ व तपकिरी झाले, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा आला, तर बी-१२ न्यूनतेचा विचार तातडीने करावा. 'गुणी बाळ' म्हणून त्याचे कौतुक होत असते. त्यास केवळ फॉलिक अॅसिडयुक्त टॉनिक दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, परंतु मज्जासंस्थेची हानी चालूच राहते.

औषधालयमालकांसाठी

अ) जड धातू : अमेरिकेतील 'जामा' या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी चाचणी बंधनकारक झाली. शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम. या मर्यादेत 'उत्तीर्ण' झालेले चूर्ण बालकास दिवसाला ३ ग्रॅम दिल्यास ३० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे पोटात जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली बालकांसाठी ठरविलेली आहारातील संदर्भपातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून बालकांच्या कल्पांसाठी निर्मात्याकडून केवळ 'मर्यादेत' एवढा शेरा न घेता प्रत्यक्ष आकडा असलेला बॅचचा अहवाल मागावा. अवधान सुधारण्यासाठी दिलेल्या चूर्णातूनच अवधान बिघडविणारे शिसे जावे, यासारखा विपर्यास नाही.

आ) द्रव कल्प : सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील अनेक बालके मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली व त्यांतील बहुतेक दगावली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. ते औषध आपल्या शास्त्राचे नव्हते, परंतु ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल हे द्रव आपल्या प्रोप्रायटरी सिरपांतही वापरले जातात. कच्च्या मालाची चाचणी न करणाऱ्या निर्मात्याचे बालकल्प ठेवू नयेत.

इ) द्रव्यनिश्चिती : ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी व मंडूकपर्णी म्हणून ब्राह्मी विकली जाणे थांबले पाहिजे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका.

ई) मध : एक वर्षाखालील शिशूस मध दिल्याने बॉट्युलिझमचा धोका असतो. मधयुक्त अवलेह, सुवर्णप्राशनाचे थेंब व घुटी यांबाबत वय विचारूनच विक्री करावी.

उ) द्विरुक्ती : अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात लहान बालकांना आठवड्यातून दोनदा २० मिलिग्रॅम लोहाचे सिरप, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅमची गुलाबी गोळी व १० ते १९ वर्षांच्या मुलांना ६० मिलिग्रॅमची निळी गोळी मिळते. अंगणवाडी किंवा शाळेत ही मात्रा मिळते का, ते विचारावे. लोहाच्या बाटल्या बालकाच्या हाती लागणार नाहीत, अशी सूचना प्रत्येक विक्रीच्या वेळी द्यावी. शरीरभाराच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅमहून अधिक लोह एकाच वेळी पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते.

चिकित्सा व पाठपुरावा

न्यूनता निश्चित झाल्यावर प्रथम कृमिघ्न चिकित्सा व अग्निदीपन, नंतर लोहपूरण, व त्यानंतर आवश्यक वाटल्यास मेध्य कल्प, असा क्रम ठेवावा. आहारात डाळ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, अहळीव, मांसाहारी कुटुंबात अंडी व मांस यांचा समावेश असावा. सोबत लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाबरोबर चहा बंद करावा. एका वेळी एकच नवे द्रव्य सुरू करावे, अन्यथा लाभ किंवा अपाय कशाने झाला हे कळत नाही. आरंभी पालक व शिक्षक दोघांकडून बैठक, लक्ष, राग व झोप या चार बाबींची नोंद घ्यावी. बारा आठवड्यांनी तीच नोंद पुन्हा घ्यावी व रक्तपरीक्षण करावे. रक्त सुधारले, परंतु वर्तन तसेच राहिले, तर पूरकाची मात्रा वाढवू नये. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. एडीएचडी, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांचे निदान बाटलीमुळे लांबणे योग्य नाही.

समारोप

पालकांची टॉनिकची मागणी नाकारणे व्यवसायाच्या दृष्टीने सोपे नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि, मागणी तशीच पुरविण्याऐवजी त्या क्षणी तीन प्रश्न विचारता येतात : मूल माती खाते का? रात्री झोप कशी आहे? सिकलसेलची चाचणी झाली आहे का? चिकित्सालयात व औषधालयात हे तीन प्रश्न नित्याचे झाले, तर काही बालकांचे निदान वर्षानुवर्षे लांबणार नाही. आपल्या संघटनेच्या सुवर्णप्राशन शिबिरांत थेंब देण्यापूर्वी प्रत्येक बालकाचे नेत्र व जिव्हा पाहून पांडुर बालकांची स्वतंत्र नोंद करावी व त्यांना रक्तपरीक्षणास पाठवावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र सूचना आहे. काश्यपांच्या अलेह्य-विचाराचे तेच खरे पालन ठरेल.